इथे करायचं काय?

मे महिन्याच्या सुट्टीत बहिणीचा मुलगा पुण्याहून आला होता. वय वर्षं नऊ. राणीची बाग झाली, म्युझियम झालं, डबलडेकरच्या वरच्या मजल्यावरची पुढची सीटही मिळवून झाली. मग एका संध्याकाळी मी त्याला गिरगाव चौपाटीवर नेलं. चर्नी रोडला उतरलो, पूल ओलांडला, चपला हातात घेतल्या आणि वाळूत शिरलो. ऊन उतरलं होतं, पण वाळू अजून तळव्यांना गरम लागत होती. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पाणी बरंच आत गेलेलं, मातकट. पोहणारं कुणी नाही, लाटा म्हणाव्यात तर घोट्याएवढ्या. माणसं मात्र शेकड्यांनी, आणि सगळी नुसती बसलेली. त्याने माझा हात ओढला आणि अगदी मनापासून विचारलं, "मावशी, इथे करायचं काय असतं?"

"बसायचं," मी म्हटलं.

तो बसला. मिनिटभराने म्हणाला, "आणि मग?"

त्याचा काही दोष नव्हता. जिथे जाल तिथे तिकीट काढायचं, रांगेत उभं राहायचं, काहीतरी करायचं आणि बाहेर पडायचं, हेच त्याने पाहिलेलं. पण तो पुण्याला परत गेल्यावरही ते "आणि मग?" माझ्या डोक्यातून जाईना. भांडी घासताना, गाडीत लोंबकळताना मी मनातल्या मनात त्याला उत्तरं देत होते. माझं अर्धं आयुष्य ज्या वाळूवर गेलं, तिथे मी नेमकं काय करत होते, हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

आमचं घर ठाकुरद्वारच्या एका चाळीत. एक खोली, एक स्वयंपाकघर, बाहेर सामाईक गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला नळ. आजी-आजोबा, आईबाबा, काका-काकू आणि आम्ही दोघी बहिणी. अशा घरात "चौपाटीवर जाऊन येतो" हे वाक्य रोज कुणी ना कुणी म्हणायचंच, आणि त्याचा अर्थ म्हणणाऱ्यागणिक वेगळा असायचा. बाबा म्हणाले तर ऑफिसात काहीतरी बिनसलेलं असायचं. आईने म्हटलं तर तिला आणि काकूला सासूच्या कानाआड काहीतरी बोलायचं असायचं. काकांचं लग्न नवीन होतं तेव्हा दर शनिवारी आजीच दोघांना म्हणायची, "जरा फिरून या रे." आम्ही दोघी आशेने फ्रॉक सारखे करून जिन्याशी उभ्या राहायचो, तर आजी मागून आमच्या वेण्या धरायची. "तुम्ही नाही." तेव्हा फार राग यायचा. एवढ्या मोठ्या चौपाटीवर आम्हाला जागा नाही होय! त्या दोघांना सबंध आठवड्यात मिळणारा एकटेपणा तेवढाच होता, आणि तोही हजार माणसांच्या मधोमध, हे कळायला मला स्वतःचं लग्न व्हावं लागलं.

गिरगावात, खेतवाडीत, भुलेश्वरात अशा खोल्या हजारोंनी होत्या. त्या सगळ्या घरांमध्ये जे बोलता येत नव्हतं ते चौपाटीवर बोललं जायचं. लग्नं ठरायची, मोडायची. भावाभावांच्या वाटण्या व्हायच्या. दहावी-बारावीची मुलं दिव्याच्या खांबाखाली पुस्तक घेऊन बसायची. गिरणीच्या संपानंतर आमच्या खालच्या मजल्यावरचे एक काका रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे आणि दुपारी वाळूत बसून तो खायचे. घरी सांगितलं नव्हतं. चाळीतल्या कुणीतरी त्यांना पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. चौपाटीवर ओळखीचं माणूस दिसलं की ते एकटं आहे की सोबत आहे, रडतंय की नुसतं बसलंय, हे बघून मगच हाक मारायची किंवा मारायची नाही, ही रीत होती. कुणी शिकवलेली नव्हे. पण पाळायचे सगळे.

आजोबांची गोष्ट निराळी. ते मूळचे कोकणातले, रत्नागिरीकडचे. मुंबईत आयुष्य काढलं तरी समुद्राकडे ते गावच्या नजरेनेच पाहायचे. कॅलेंडरवर तिथी बघून ते घरबसल्या सांगायचे, आत्ता चौपाटीवर पाणी कुठे असेल. हिशोब साधा. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यांना पाऊणकी तोंडपाठ होती, त्यामुळे ते बोटंसुद्धा मोडायचे नाहीत. "चार पाऊणे तीन, आठ पाऊणे सहा," असं पुटपुटत चपला घालायचे. घड्याळाच्या हिशोबाने थोडं मागेपुढे होतं, पण अर्ध्यापाऊण तासाच्या पलीकडे मी तरी त्यांना चुकताना पाहिलं नाही. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकणारी वेळ. चंद्राचं हे सगळं गणित त्या पाढ्यात बसलेलं होतं.

या हिशोबातून एक गोष्ट निघते, जी मला अजूनही फार आवडते. पौर्णिमेची आणि अमावास्येची भरती दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या आसपास येते, म्हणजे संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी. त्या दिवसांत उधाणाचं पाणी असतं, त्यामुळे जसं ते खूप वर चढतं तसंच खूप लांबही जातं. म्हणून पौर्णिमेच्या संध्याकाळी चौपाटी सगळ्यात रुंद असते. एरवी जिथे कमरेएवढं पाणी, तिथपर्यंत ओली, घट्ट, चकचकीत वाळू उघडी पडते. मुलं तिच्यावर क्रिकेटची पिचं आखतात. आणि चंद्र? तो समुद्रावर उगवत नाही. तो आपल्या पाठीमागून, गिरगावच्या इमारतींच्या गच्च्यांवरून वर येतो, आणि समुद्राकडे तोंड करून बसलेल्या माणसांना तो पाहायला मान मागे वळवावी लागते. अष्टमीला याच्या उलट. संध्याकाळी सहाला पाणी भरलेलं, पण भांगाचं, म्हणजे मवाळ. चढतंही कमी, उतरतंही कमी. आजोबा म्हणायचे, आज समुद्र घरात आहे, बाहेर जाण्याच्या बेतात नाही.

सूर्यास्ताचंही तसंच. बाहेरगावचे पाहुणे चौपाटीवर सूर्य समुद्रात बुडताना पाहायला येतात आणि जरा खट्टू होतात. चौपाटीच्या मधोमध बसलं तर पश्चिमेला मलबार हिल आडवी येते. सूर्य बुडत नाही, तो वाळकेश्वरच्या उंच इमारतींच्या मागे जातो, घड्याळातल्या सूर्यास्ताच्या आधीच. मग टेकडी काळी होत जाते, राजभवनाच्या टोकापर्यंत तिची कड तेवढी उरते, आणि पाण्यावर मात्र बराच वेळ उजेड राहतो. सूर्य नसलेला हा अर्धा-पाऊण तास चौपाटीचा खरा. डाव्या हाताला मरीन ड्राइव्हचे दिवे एकेक करून लागतात. २०१५ च्या सुमारास तिथे पांढरे एलईडी लावले तेव्हा सगळ्या शहराने आरडाओरड केली, आणि नंतर पुन्हा पिवळसर उजेड आला. रस्त्यावरच्या दिव्यांच्या रंगावरून माणसं इतकी हळवी होतात, याचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला होता. गिरगावातल्या खिडकीतून ते दिवे कुणाला दिसतात? कुणालाच नाही. तरी ते आमचे होते.

भेळेबद्दल लिहिलं नाही तर गिरगावकर मला वाळूत पाय ठेवू देणार नाहीत. पूर्वी गाड्या वाळूभर पसरलेल्या असायच्या, प्रत्येक गाडीवर पेट्रोमॅक्सचा सूं सूं आवाज. आता एका बाजूला पक्के स्टॉल आहेत, नंबर घातलेले, समोर चटया अंथरलेल्या, आणि आपण जवळ आलो की चारही बाजूंनी "आइये मॅडम, बैठिये" चालू. मी ठरलेल्या एकाकडे जाते. त्याचे वडीलही तिथेच उभे राहायचे. त्याचे हात बघण्यासारखे असतात. कुरमुऱ्यांचा डोंगर पातेल्यात, त्यावर शेव, उकडलेला बटाटा बोटांनी चिरडून, कांदा इतका बारीक की दाताखाली नुसता करकरतो. एप्रिल-मे असेल तर कैरीचे तुकडे. मग चिंच-खजुराची, पुदिन्याची आणि लसणाची अशा तिन्ही चटण्या एका मनगटाच्या झटक्यात, आणि पळी पातेल्याच्या कडेवर टण् टण् टण्. तो आवाज थांबला की समजायचं, तयार. कागदावर भेळ, वर एक कडक पुरी, तीच चमचा. ओल्या भेळेला हातात घेतल्यापासून फार तर पाच मिनिटांचं आयुष्य असतं, कुरमुरे मऊ पडले की संपलं. म्हणून भेळ खाताना कुणी बोलत नाही. ज्यांना गप्पा मारत खायचंय त्यांनी सुकी घ्यावी. माझी आई आयुष्यभर सुकीच घेत आली.

भेळ, कुल्फी, गोळा, निखाऱ्यावर भाजून लिंबू-मीठ चोळलेलं कणीस, पावसाळ्यात उकडलेल्या शेंगा. हे सगळं असतं, पण घ्यावं लागत नाही. मला सांगायचंय ते हेच. तुम्ही खिशात एक रुपयाही न ठेवता चौपाटीवर या, चार तास बसा, कुणी उठा म्हणणार नाही. शेजारच्या चटईवर सोन्याच्या बांगड्या भरभरून घातलेलं कुटुंब पावभाजीचं बिल देत असेल, आणि त्यांच्यापासून दोन हातांवर दिवसभर हातगाडी ओढून आलेला माणूस गमछा डोक्याखाली घेऊन झोपलेला असेल. रस्त्यापलीकडे फ्लॅटचा भाव चौरस फुटाला किती आहे ते आपण बोलायला नको. रस्त्याच्या या बाजूला तो शून्य आहे.

सकाळची चौपाटी वेगळीच माणसं घेऊन येते. अंधार असतानाच मलबार हिलवरून चालायला उतरलेले, पांढरे बूट. हसण्याचे वर्ग. रात्रभराचे कागद, काड्या, पुठ्ठे गोळा करणारे पालिकेचे कामगार आणि वाळू चाळत जाणारा ट्रॅक्टर. त्याच्या मागे वाळू अशी रेघारेघांची होते की पहिलं पाऊल टाकायला जीव धजत नाही. दुपारी अकरा-बाराला चौपाटी ओस पडते. मग खारे वारे सुटतात, विल्सन कॉलेजची मुलं तास बुडवून येतात, स्टॉलवाले ताडपत्रीच्या सावलीत आडवे होतात. मी नोकरीला लागल्यावर चर्चगेटला जाता जाता कधीतरी दुपारची उतरायची. त्या वेळी वाळूत बसलेली माणसं बहुतेक एकटी असतात आणि त्यांच्याकडे एखादी फाईल असते. मुलाखत देऊन आलेली, डॉक्टरकडून आलेली, कोर्टातून आलेली. मी स्वतः एकदा बायोप्सीचा रिपोर्ट पर्समध्ये ठेवून तिथे बसले होते. रिपोर्ट चांगला होता. तरी लगेच घरी जावंसं वाटेना. आधी कुठेतरी बसून तो स्वतःला सांगायला हवा होता. शेंगदाणेवाला समोर आला, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काही न म्हणता पुढे गेला. इथल्या विक्रेत्यांना माणसं वाचता येतात, हे मी खात्रीने सांगू शकते.

आणि याच वाळूवर इतिहास घडलेला आहे, तो इतका जवळ की त्याची सवय होऊन गेली आहे. १ ऑगस्ट १९२० ला सरदारगृहात लोकमान्य गेले, आणि त्याच दिवशी भर पावसात लाखोंच्या गर्दीत त्यांच्यावर इथे अंत्यसंस्कार झाले. ही स्मशानाची जागा नव्हती, खास परवानगी घ्यावी लागली होती. गांधीजींनी खांदा दिला होता. आमच्या लहानपणी टिळकांचा पुतळा म्हणजे चुकलेल्या मुलाने जाऊन उभं राहायची जागा. "हरवलीस तर टिळकांपाशी थांब," एवढंच आई सांगायची. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, २० नोव्हेंबर १९५५ ला, मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा इथेच उधळली गेली. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. आजोबा त्या सभेला होते. ते सांगताना ते कधी आवाज चढवायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "घरी आलो तेव्हा एक चप्पल नव्हती." आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री इथल्याच रस्त्यावर नाकाबंदीत तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेत, सोडली नाही. त्यांच्या स्मारकाशी बसची वाट पाहणारी माणसं उभी असतात. जाताना मी दरवेळी हात जोडते. कुणी बघतंय का, याचा विचार करत नाही.

गणपतीचे दिवस मात्र सगळ्यांचे. अनंत चतुर्दशी म्हणजे तिथी चौदावी, चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे सकाळी आणि रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास भरती, संध्याकाळी ओहोटी. मोठ्या मूर्ती आत न्यायच्या तर हा हिशोब मोडून चालत नाही. २०२५ साली लालबागच्या राजाला चौपाटीवर पोचायला दुसरी सकाळ झाली, तोवर पाणी चढायला लागलेलं, मूर्ती तराफ्यावर घेता येईना. विसर्जन झालं ते रात्री. बातम्यांमध्ये दिवसभर चर्चा चालली होती, आणि मला आजोबांची पाऊणकी ऐकू येत होती. त्या रात्री वाळू दिसतच नाही, नुसती डोकी. गुलाल, घाम, ओल्या फुलांचा आंबूस वास, आणि दर दोन मिनिटांनी "पुढच्या वर्षी लवकर या". कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली कोळ्यांची पोरं आणि जीवरक्षक, रात्रभर, डोळ्यांत तेल घालून. पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. २०१३ च्या गणपतीत विसर्जनाला उतरलेल्या कितीतरी जणांना इथे पाकट माशांनी डंख मारले. तेव्हापासून दरवर्षी सूचना असते, अनवाणी पाण्यात जाऊ नका. लोक जातात. बाप्पाला निरोप द्यायला बूट घालून जायचं, हे मनाला पटवून द्यायला अजून काही वर्षं लागतील.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मी लहानपणी एकदा पाहिली आणि बरीच वर्षं पुन्हा गेले नाही. ओहोटीने परत आणून टाकलेले हात, मुकुट, रंग उडालेले प्लॅस्टरचे तुकडे, मधे कोरडे पडलेले हार. आईने माझे डोळे झाकले नव्हते, नुसतं म्हणाली, "आपलाच आहे तो." सहा फुटांपर्यंतच्या प्लॅस्टरच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या, असं २०२५ साली न्यायालयाने सांगितलं. आमचा घरचा गणपतीही तसाच जातो. समुद्र दहा पावलांवर खळखळत असतो आणि आपण मूर्ती हौदातल्या माणसाच्या हातात देतो. हे बरोबर आहे, हे मला पूर्ण पटतं. त्या सकाळचं जे पाहिलंय त्यानंतर दुसरं काही म्हणणं शक्यच नाही. तरी आरती झाल्यावर मी पाण्यापर्यंत जाऊन, थोडं पाणी हातात घेऊन, मागे येऊन त्या हौदात टाकते. भटजींनी हे कुठे सांगितलेलं नाही.

समुद्र घाण आहे, हे तर आहेच. पावसाळ्यात भरतीच्या रेषेवर आपण वर्षभर गटारात सोडलेलं सगळं जसंच्या तसं हजर होतं. पिशव्या, बाटल्या, एका पायाची सँडल. पण याच पाण्याच्या काठाला ओहोटीच्या वेळी वाकून बघितलं तर अजूनही काय काय चाललेलं असतं! माझा भाचा, त्याच संध्याकाळी, "आणि मग?" विचारून कंटाळला आणि गुडघ्यावर बसून वाळू उकरायला लागला. त्याला एक भोक दिसलं, पेन्सिलीच्या टोकाएवढं. भोकाभोवती वाळूच्या बारीक बारीक गोळ्या, मोहरीएवढ्या, आणि त्या मधून सुटून बाहेरच्या बाजूला किरणांसारख्या ओळींत मांडलेल्या. आम्ही श्वास रोखून थांबलो. नखाएवढा खेकडा बाहेर आला. वाळू तोंडात घेतली, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतलं, उरलेल्याची गोळी करून मागे टाकली, एक पाऊल सरकला, पुन्हा घेतली. भाच्याची सावली हलली आणि तो गायब. मग दुसरं भोक, मग तिसरं. ओल्या वाळूभर, क्रिकेट खेळणाऱ्यांच्या पायांमध्ये, हे हजारो संसार चालू होते. अंधार पडून काही दिसेनासं झालं तेव्हा मला त्याला ओढून न्यावं लागलं. पुढच्या भरतीला त्या सगळ्या गोळ्या पुसल्या जातात आणि पाणी उतरलं की खेकडा पहिल्यापासून सुरुवात करतो, असं मी त्याला सांगितलं. त्याने विचारलं, "रोज?" रोज, दिवसातून दोनदा.

मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. भाच्याचा प्रश्न मुलाच्या तोंडी गोड वाटतो, पण तोच प्रश्न शहराचे आराखडे करणारी माणसंही विचारतात. इथे एवढी मोकळी जागा, इथे करायचं काय? समुद्र पाहायला एक दर्शक गॅलरी झाली आहे. वाईट नाही ती, ज्यांना वाळूत चालता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांची चांगली सोय झाली. चौपाटीजवळच्या समुद्राखालून आणि मलबार हिलच्या पोटातून सागरी किनारा मार्गाचे २.०७ किलोमीटरचे जुळे बोगदे गेले आहेत. ते खणणाऱ्या अजस्र यंत्राला 'मावळा' नाव होतं. मार्च २०२४ पासून त्यातून गाड्या धावतात. मीही त्यातून गेले आहे, वेळ वाचला आणि मला आवडलं. गिरगावला मेट्रो आली. हे सगळं यावं. पण वाळूवर काही उभारू नये. रोषणाई नको, कारंजी नकोत, सेल्फीसाठी अक्षरं नकोत. जिथे काहीच ठेवलेलं नाही अशी जागा या बेटावर आता मोजकीच उरली आहे, आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन बसायला तशीच जागा लागते.

आमची चाळ पुनर्विकासाला गेली. पत्रे लागले, मग पाडली, आता तिथे खोल खड्डा आणि क्रेन आहे. माणसं भाडं परवडेल तिकडे पांगली. कुणी विरारला, कुणी डोंबिवलीला, एक काकू थेट बदलापूरला. गॅलरीत उभं राहून होणारं बोलणं संपलं. व्हॉट्सॲपचा ग्रुप काढला, त्यावर सुप्रभातची फुलं यायला लागली. मग एकदा तळमजल्यावरच्या काकूंनी ग्रुपवर लिहिलं, फुलं पुरे, चौपाटीवर भेटा. तेव्हापासून आम्ही भेटतो. विरारची मंडळी थेट चर्नी रोडला उतरतात, डोंबिवलीच्या बायका दादरला गाडी बदलून येतात आणि आल्या आल्या गुडघे धरून वाळूत बसतात. डबे निघतात. कुणाच्या नातवाचा फोटो फिरतो, बिल्डरने या महिन्याचं भाडं भरलं का यावर अर्धा तास जातो, काकांच्या डब्याची गोष्ट कुणी काढत नाही. काकू, म्हणजे माझी सख्खी काकू, हल्ली एकटीच येते. ती थोडा वेळ आमच्यात बसते आणि मग उठून पाण्याच्या कडेने विल्सनच्या दिशेला चालत जाते, शनिवारी ती दोघं जायची तशी. आम्ही तिला हाक मारत नाही.

पुढची भेट कधी, यावर मागच्या वेळी मोठी वादावादी झाली. निम्म्या जणी रविवार म्हणत होत्या, कारण गाडीला गर्दी कमी. निम्म्या म्हणत होत्या, रविवारी चौपाटीला गर्दी, बसायला जागा मिळायची नाही. मी कॅलेंडर काढलं. पौर्णिमा गुरुवारी येत होती. "गुरुवारी या," मी म्हटलं, "सहाला पूर्ण ओहोटी आहे, पाणी पार लांब असेल, हवी तेवढी जागा." बदलापूरच्या काकू म्हणाल्या, गुरुवारी माझा उपास असतो, भेळ चालणार नाही. मग साबुदाण्याच्या वड्यांचं ठरलं. दाण्याची चटणी विरारहून येणार आहे, दही मी नेणार आहे, आणि सगळ्यांनी साडेपाचला टिळकांपाशी जमायचं आहे.